वजन काय विचारता!

मी लंबक बोलतोय. हो, तोच तो, दोरीला टांगलेला, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. "शाळेत होतं बुवा असलं काहीतरी," असं म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, ते मला दिसलं. मुरडा. ज्याचं निम्मं आयुष्य कविता शिकणाऱ्या पोरांना विज्ञान शिकवण्यात गेलं, त्याला आता कशाचाच राग येत नाही, असं म्हणणार होतो. पण येतो. चांगला सणकून येतो. आज तो बाहेर काढल्याशिवाय मी काही थांबायचा नाही, आणि तसंही मला एकदा ढकललं की लवकर थांबता येत नाही.

माझा जन्म इराकातल्या बसऱ्याच्या तांबट आळीतला. दिवसभर नुसती ठोकाठोक. इथला कुठलाही म्हातारा तुम्हाला सांगेल की शेकडो वर्षांपूर्वी एक पंडित याच आळीतून चालला होता, हातोड्यांचे ठोके ऐकून उभा राहिला आणि त्यावरून त्यानं कवितेची मापं बसवली. खरंखोटं देव जाणे. मी जन्मलो तेव्हा तिथं कुणी पंडित नव्हता. एक खोकणारा तांबट होता, त्यानं मला पितळेत ओतलं, घासलं, डोक्यावर पकडायला एक कडी बसवली आणि म्हणाला, "झालं बघ वजन."

वजन. तेच माझं पहिलं नाव. तुमच्या मराठीतही हाच शब्द आहे म्हणे. तो तिकडे कसा पोचला ते तुमचं तुम्ही बघा, बहुतेक आमच्या खजुरांबरोबर गलबतातून आला असावा.

अशारच्या बाजारात हाजी मुतशर खजूरवाल्याच्या तागडीत मी बरीच वर्षं काढली. काय दिवस होते! गिऱ्हाईक यायचं, एका पारड्यात मी, दुसऱ्यात खजूर, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. हाजी बोलता बोलता पारड्याला अंगठा लावायचा, गिऱ्हाईक बोलता बोलता एक खजूर तोंडात टाकायचं, आणि दोघंही आपण किती सरळ माणसं आहोत ते एकमेकांना सांगायचे. पण माझ्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. वजन म्हणजे मी. दुसरा अर्थच नव्हता.

मग बटणांचे काटे आले आणि हाजीच्या मुलानं मला भंगाराच्या टोपलीत टाकलं. तिथून मला उचललं उस्ताद दुरैद यांनी.

उस्ताद दुरैद म्हणजे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. हुशार, तापट, शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. अध्यापक कॉलेजात त्यांना स्वतःच्या विभागातून उचलून अरबी साहित्याच्या मुलांना 'विज्ञान परिचय' शिकवायला बसवलं होतं. सक्तीचा विषय. हा पास झाल्याशिवाय पदवी नाही, मग तुम्ही कितीही मोठे कवी असा. वर्ग भरायचा साहित्याच्या इमारतीच्या टोकाला, पूर्वी जिथं मोडकी बाकं ठेवत त्या खोलीत. सामान म्हणून काही नव्हतंच. उस्तादांनी मला आणलं, कडीत पक्की दोरी ओवली, छताला जिथून पंखा काढून नेला होता त्या हुकाला टांगलं, आणि माझ्याकडे बघून एक सुस्कारा सोडला. मला वाटलं, दोघांची जोडी जमणार. दोघंही नको तिथे येऊन पडलो होतो.

आता त्या पोरांबद्दल बोलू? की नको? बोलतोच.

"उस्ताद, आम्ही शायर माणसं, आम्हाला हे दोरीबिरी कशाला?" हे पहिल्या दिवशी. दरवर्षी. वाक्य तेच, फक्त तोंड वेगळं. मुली माझ्या चकचकीत पोटात स्वतःचं तोंड बघून ओढणी नीट करायच्या. मुलं माझ्या कडीला पिशव्या अडकवायची. एकानं मला धरून, डोळे मिटून, प्रेयसीच्या नावानं हेलकावा दिला आणि मी परत येताना त्याच्या दाताला लागलो. त्यात माझा काय दोष? सगळा वर्ग मात्र मलाच निर्दय म्हणाला. आणि त्यांना साधं विचारावं, "एका हेलकाव्याला लागणारा वेळ कशावर ठरतो? वजनावर की लांबीवर?" तर अख्खा वर्ग एका सुरात, "वजनावर!"

अरे, लांबीवर! वजनावर नाही! मला काढून तिथं लाकडी गोळा लावा, तेवढाच वेळ लागेल. दोरी आखूड करा, मग बघा कशी घाई होते. ढकला आणि बघा ना, डोळे दिलेत ना देवानं! पण नाही. ढकलायचं सोडून ही पोरं माझ्यावर उपमा रचत बसायची. मी कुणाचं हृदय झालो, कुणाचं नशीब झालो, एकदा तर खासदार झालो, कारण इकडून तिकडे जातो. लंबक मात्र कुणासाठीच झालो नाही.

त्यात त्यांची तरी काय चूक म्हणा. आमच्याकडे वजन या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. कवितेच्या मापाला, म्हणजे ओळीत आखूड-लांब ठोके कसे पडतात त्यालाही वजनच म्हणतात. तुमच्याकडचे गझलवालेही म्हणतात म्हणे. कविता चांगली की वाईट ते नंतर, आधी वजन बरोबर हवं. ही पोरं लहानपणापासून तेच शिकलेली. त्यांना वाटायचं की जगातलं सगळं काही वजनावरच ठरतं. आणि त्या मापांमधलं सगळ्यात मानाचं, सगळ्यात जुन्या कवितांचं माप, त्याचं नाव तवील. तवील म्हणजे लांब.

ध्यानात ठेवा हे. याच दोन शब्दांनी पुढे एका मुलीचा घात केला.

तिचं नाव मैसून. अबुल-खसीबच्या खजुरांच्या बागांमधून रोज बसनं यायची. काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. शंभर कवींच्या ओळी तोंडपाठ, आणि स्वप्न एकच: ज्या मुलींच्या शाळेत शिकली त्याच शाळेत अरबीची बाई व्हायचं. तिची स्वतःची बाई निवृत्त व्हायला आली होती आणि तिनं मैसूनला सांगून ठेवलं होतं, "पदवी घेऊन ये, माझ्या खुर्चीवर मला तूच हवीस."

पहिल्या वर्षीची तोंडी परीक्षा. दुसऱ्या दिवशी छंदांचा पेपर, त्यामुळे पोरगी सकाळपासून ओठातल्या ओठात मापं घोळवत होती. उस्तादांनी मला ढकललं आणि विचारलं, "हं, बोल. वेळ कशावर ठरतो? वजन की लांबी?"

मैसून तंद्रीतच म्हणाली, "वजन तवील, उस्ताद."

मग जो हशा फुटला! एक जण तर बाकावरून खाली घसरला. उस्ताद दुरैद यांचा चेहरा बीटासारखा लाल झाला. त्यांना वाटलं, पोरगी आपली थट्टा करतेय. साहित्यवाले आपल्या विषयाला हसतात हा त्यांचा जुना सल, आणि आता तोंडावर!

"माझ्या वर्गात चेष्टा? शून्य! चल नीघ!"

"उस्ताद, मी मुद्दाम..."

"नीघ म्हणतो ना!"

मी तिथंच झुलत होतो. मला ओरडून सांगायचं होतं की अहो, ती थट्टा नाही, तिची जीभ घसरली. पण मला जीभच नाही, आणि ज्यांना होती ते सगळे हसण्यात गुंतलेले.

त्या दिवसापासून तिचं नावच पडलं: वजन तवील. "ए वजन तवील, बस आली!" "वजन तवील, जरा चहाची किटली दे गं!" दुसऱ्या वर्षी तिनं माझ्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. दारापर्यंत यायची, आत कुणीतरी फिदीफिदी हसायचं, आणि ती परत फिरायची. परीक्षेला गैरहजर, पुन्हा नापास. मला तिचा एवढा राग आला! चार टवाळांच्या हसण्यानं कुणी स्वप्न सोडतं का? आणि उस्तादांचाही राग आला. एकदा बोलावून विचारलं असतं, तर त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं असतं का?

तिसरी वेळ शेवटची. यावेळी नापास झाली तर कॉलेजच्या पटावरून नाव कायमचं कमी, मग पदवी नाही, शाळा नाही, बाईंची खुर्ची नाही. नियमच तसा.

परीक्षेच्या दिवशी उकाडा असा की माझी दोरीसुद्धा दमट झाली होती. एकेकाला आत बोलवायचं, मोबाईल बाहेर ठेवायचा. टेबलावर मी, एक लाकडी गोळा, दोरी आखूड करायला एक चिमटा आणि वेळ मोजायचं घड्याळ. बाकीचे गेले, कसेबसे सुटले, मधे उस्ताद चहाला जाऊन आले, आणि शेवटी मैसून आली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

उस्तादांनी मला हुकाच्या दोरीला अडकवलं, घड्याळ उचललं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. उलटं करून मागचं झाकण उघडलं. आत सेल नाही!

"चासिब!"

अम्मू चासिब, म्हणजे चासिबकाका, आमच्या खोलीचा शिपाई. माणूस प्रेमळ, पण वस्तूंच्या बाबतीत अगदी निर्धास्त. गेल्या हिवाळ्यात त्यानं मला सलगमच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलं होतं, त्या आंबूस वासाचं नाव काढलं तरी माझी कडी शहारते. तो दारातून डोकावला, हातात छोटा रेडिओ, रेडिओत फुटबॉलची मॅच.

"अम्मू, सेल कुठायत घड्याळातले?"

"मध्यंतरापर्यंतच घेतले होते, उस्ताद. मागचा विद्यार्थी गेला तेव्हा म्हटलं, झालं वाटतं सगळं."

"झालं? झालं? द्या इकडे!"

"द्यायला काय, देतो. पण आता ते रेडिओतही मेलेत. दोन गोल झाल्यावरच आवाज बसला."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. मैसूनला म्हणाले, "तू इथंच थांब. गोळे बदलून, दोरी कमीजास्त करून तयारी कर. मी फाटकाजवळच्या दुकानातून सेल घेऊन येतो. आणि अम्मू, तुम्ही चला माझ्याबरोबर, तुम्हाला इथं सोडलं तर परत आल्यावर छतही सापडायचं नाही!"

दोघं भांडत भांडत गेले. खोलीत आम्ही दोघंच.

मैसूननं माझ्याकडे बघितलं, बऱ्याच वेळानं. "तुझ्यापायी," ती मला म्हणाली, "तुझ्यापायी माझी दोन वर्षं गेली, मेल्या." आणि रागानं मला ढकललं.

मेल्या म्हणाली! मी काय केलं होतं? पण ढकललं एवढं छान, सरळ रेषेत, की मला पहिल्यांदा लंबक असल्यासारखं वाटलं. मी गेलो, आलो. गेलो, आलो. ती बघत राहिली, आणि घाबरली की तिला जी सवय होती ती आपोआप सुरू झाली, ओठातल्या ओठात माप म्हणायला लागली. तवील. फऊलुन मफाईलुन, फऊलुन मफाईलुन. मी जाऊन परत येईतो अर्धी ओळ पुरी. पुन्हा गेलो, पुन्हा आलो, पुन्हा अर्धी ओळ. चपखल.

तिचे ओठ थांबले. मग आवाज फुटला. आता ती मोठ्यानं म्हणायला लागली, बोटांनी टेबलावर ठोके देत, एका लयीत, तसूभरही मागेपुढे नाही. तिला कुणी शिकवलं होतं असं म्हणता? लहानपणापासून दुसरं केलंच काय होतं तिनं! तो ठोका ऐकून मला थेट तांबट आळी आठवली.

तिनं मला थांबवलं, सोडवलं, लाकडी गोळा अडकवला. तो माझ्यापुढे अगदीच चिमुकला. दिला हेलकावा. फऊलुन मफाईलुन, फऊलुन मफाईलुन. गोळा जिथून निघाला तिथं परत, आणि अर्धी ओळही तिथंच पुरी. मैसूननं लगेच पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग पटकन मला परत अडकवलं, चिमट्यानं दोरी बरीच आखूड केली आणि सोडलं. मी तर पळतच सुटलो. "फऊलुन मफा..." एवढ्यात मी हजर! ओळीचा पार चोथा.

"अगं बाई!" ती म्हणाली. एवढंच.

मी वर्षानुवर्षं जे ओरडून सांगू पाहत होतो ते अखेर एका डोक्यात शिरलं होतं, आणि तेही कानावाटे. मला इतका आनंद झाला की थांबायचं भान राहिलं नाही. तिलाही राहिलं नाही. म्हणून दारात उस्ताद दुरैद येऊन उभे राहिलेत हे दोघांनाही कळलं नाही.

"हे काय मुशायरा चाललाय?"

मैसून दचकली. "उस्ताद... उस्ताद, वजन बदललं तरी वजन बदलत नाही!"

मेलो! मी मनात म्हटलं. सगळं संपलं. अगं, नीट बोल, शब्द बदल! उस्तादांच्या मानेवरची शीर टरारली. हातातले सेल त्यांनी टेबलावर आपटले.

"पुन्हा? पुन्हा तेच? तिसऱ्या वेळीसुद्धा माझी थट्टा करायला आलीस?"

आणि इतकी वर्षं दारातूनच मागे फिरणारी ती पोरगी यावेळी हलली नाही. रडवेली झाली, पण हलली नाही.

"थट्टा नाही, उस्ताद. तुम्ही स्वतः म्हणून बघा. शाळेत पाठ केलेली एखादी ओळ असेलच ना? तवीलमधली. म्हणा, मी सोडते."

"मी? कविता?"

"अर्धीच ओळ, उस्ताद. नंतर करा ना नापास, कोण अडवतंय?"

मागे अम्मू चासिब उभा. "म्हणा हो उस्ताद, ऐकायला आहे कोण इथं? मी काय कुणाला सांगत नाही." तो सगळ्यांना सांगतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उस्तादांनी घसा खाकरला. बसऱ्यात शिकलेल्या माणसाला अशी एखादी ओळ विसरता येत नाही, मग तो कितीही पदार्थविज्ञानात शिरो. चिडक्या आवाजात, भिंतीकडे बघत, ते म्हणायला लागले. मैसूननं मला पूर्ण दोरीवर सोडलं. ओळ अर्धी झाली आणि मी तिच्या तळहातावर येऊन टेकलो. तिनं गोळा लावला. उस्तादांनी पुन्हा म्हटलं, यावेळी माझ्याकडे बघत. गोळाही तिथंच टेकला. मग तिनं चिमटा लावला. उस्ताद म्हणता म्हणता मधेच अडकले, कारण मी आधीच परत आलो होतो. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"जडहलकं काहीही लावा," मैसून हळूच म्हणाली, "ओळ बिघडत नाही. लांबी बदलली की लगेच बिघडते."

उस्तादांनी घड्याळात सेल घातले आणि सगळं पुन्हा सेकंदांत मोजायला लावलं, कारण माणूस शेवटी उस्ताद दुरैद होता. आकडे तेच बोलले. मग ते खुर्चीवर बसले आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. मी ते पहिल्यांदा उघडं बघितलं.

"पोरी, त्या पहिल्या वर्षी... 'वजन तवील' म्हणालीस. तुला हेच म्हणायचं होतं का? की ठोका ठरतो तो लांबीवर?"

अगं, हो म्हण! मी जीव काढून म्हणत होतो. हो म्हण आणि मोकळी हो!

मैसूननं मान खाली घातली. "नाही उस्ताद. तेव्हा मी चुकलेच होते. मला काही येत नव्हतं. पण थट्टा नव्हती करत."

उस्ताद म्हणाले, "ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं." आणि तिला पास केलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी कशाला एवढी कुरकुर केली असती! पुढच्याच वर्षी उस्ताद निवृत्त झाले. नव्या मास्तरांनी भिंतीवर पडदा लावला आणि त्यावर एक रंगीत लंबक आणला, प्रकाशाचा. त्याला ना दोरी, ना कडी, ना कुणाच्या दाताला लागणं. पोरं त्याच्याकडे बघत जांभया देतात. आणि मी? मी परत लोणच्याच्या बरणीवर. एका उस्तादाला कविता म्हणायला लावणारा मी, सलगम दाबत बसलो. येणाजाणाऱ्यांना ओरडून सांगावंसं वाटायचं, बाबांनो, निदान एकदा ढकला तरी!

एक दिवस बरणीजवळ पावलं वाजली. खणखणीत आवाज आला, "अम्मू, ते वजन मला द्याल का?"

"कुठलं? हे? अगं, मग लोणचं तरंगेल ना वर!"

"एक चांगला दगड आणलाय मी तुमच्यासाठी. स्वच्छ धुऊन आणलाय."

अम्मू चासिबनं दगड हातात तोलून बघितला, मान डोलावली आणि सौदा पटला. इतकीच माझी किंमत, एक दगड. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. तिनं मला लिंबानं आणि मिठानं घासघासून वास घालवला, पिशवीत टाकलं आणि बसनं अबुल-खसीबला नेलं.

आता मी मुलींच्या शाळेत असतो, अरबीच्या वर्गात, छताच्या कडीला. खुर्चीवर मैसून बाई. त्यांच्या मुली मला सोडतात आणि माझ्या तालावर ओळी म्हणतात. कुणी चुकली की मी आधी पोचतो, आणि सगळ्या माझ्याकडे बोट दाखवून तिला हसतात. मग बाई दटावतात, "हसायचं नाही. आधी तिला विचारायचं, तुला काय म्हणायचं होतं?" कविता शिकवतायत म्हणे. कुणाला सांगू नका, पण विज्ञानाचा असा वर्ग मी कॉलेजात एकदाही बघितला नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे की तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद कपाटात, दाराच्या फटीत नाहीतर बरणीवर पडला असेल, तर त्याला उचला, दोरी बांधा आणि एकदा ढकला. उपमा देऊ नका, नुसतं बघा.

परवाच एक नवी मुलगी आली, लहानशी, पहिल्या बाकावरची. मी झुलत होतो. तिनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, याचं वजन काय?"

मैसून बाई हसल्या. त्यांनी मला हातानं थांबवलं, माझ्या कडीत बोट अडकवून क्षणभर धरून ठेवलं आणि तिला विचारलं, "कुठलं?"